पावसाळ्याआधी अख्ख्या वाडीने मिळून तयारी कशी करायची: मेच्या बैठकीपासून पंचनाम्यापर्यंत

मे महिन्यात आपल्याकडे कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी घरोघर चालू असते. सुकी मासळी भरायची, लाकडं पडवीत रचायची, कौलं परतायची, पन्हळी साफ करायच्या. ही सगळी तयारी घरापुरती असते आणि नेहमीच्या पावसाला ती पुरतेही. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा, तेव्हा श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीच्या गावागावात रस्त्यावर झाडं आडवी, मोबाईलचे टॉवर बंद आणि लाईट तर कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे नव्हती. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली आणि ८० पेक्षा जास्त माणसं गेली. एनडीआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलाच्या, टीम येतात, चांगलं काम करतात, पण त्यांचा तळ पुण्याकडे, आणि घाटात दरडी आल्या की त्यांनी यायचं कुठून? पावसाळ्यात टीम आधीच इकडे आणून ठेवली असली तरी ती आधी शहराकडे जाणार, तुमच्या वाडीचा नंबर नंतर.

म्हणजे पहिले एक-दोन दिवस शेजारी हीच यंत्रणा. ती आयत्या वेळी आपोआप उभी राहते असं आपण धरून चालतो, आणि बऱ्याच अंशी राहतेही, कोकणातला माणूस शेजाऱ्याला टाकून जात नाही. पण मधल्या आळीत सगळे धावले आणि टोकाच्या घरातली आजी कोणालाच आठवली नाही असं होतं. त्यामुळे माझं म्हणणं असं की टॉर्च-दोरी नंतर घ्या, आधी कोण कोणाच्या दारात जाणार ते नावानिशी ठरवा. बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं.

बैठक कधी, कोणाची

मेचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात बरा. चाकरमानी घरी असतात, लग्नंबिग्नं आटपत आलेली असतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात काही आलंच तरी हाताशी वेळ राहतो. देवळाच्या सभामंडपात, संध्याकाळी, तासाभराची बैठक. "आपत्ती व्यवस्थापन समिती" वगैरे नाव देऊ नका, अर्धी माणसं तिथेच गळतात, पावसाळ्याची बैठक म्हणा. पोलीस पाटील, आशाताई, वायरमन आणि जमलं तर तलाठी यांना बोलवा. बचत गटातल्या बाया हव्यातच, कारण दुपारी बारा वाजता कुठल्या घरात कोण असतं हे त्यांनाच माहीत असतं. पुरुष मंडळी कामावर किंवा बाजारात, आणि गावकीच्या बैठकीत बोलणार मात्र तेच, हे एवढ्यापुरतं तरी मोडा.

भावकीचे वाद प्रत्येक वाडीत असतात. दोन घरं बोलत नसतील तर त्यांची जोडी लावू नका, समेट घडवायचा मुहूर्त हा नाही. दोघांशी बोलणारा तिसरा मध्ये घाला आणि पुढे चला.

आधी नकाशा, मग जोड्या

चार्ट पेपर घ्या आणि शाळेतल्या पोरांना कामाला लावा, ती मोठ्यांपेक्षा बारकाईने काढतात. घरं, विहिरी, डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), पऱ्ह्या (ओढा), मागचा डोंगर, पाणंद (अरुंद वाट), घरावर झुकलेले नारळ आणि आंबे सगळं आलं पाहिजे. साकवावरून पाणी गेलं की वाडीचा कुठला तुकडा तुटतो त्याच्याभोवती वेगळ्या रंगाने रेघ मारा, कारण त्या तुकड्याचा निवारा आणि सामान वेगळंच लागणार आहे. अलीकडची मदत पलीकडे जाणार नाही हे आधीच कबूल करून टाकायचं.

मग प्रत्येक घराशेजारी लिहायचं: रात्री झोपायला किती माणसं, त्यात एकटं कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, तान्हं मूल, गरोदर बाई आणि तिची तारीख, इन्शुलिन कोणाला, डायलिसिस कोणाला, गुरं किती. कुलूपबंद घरंसुद्धा लिहा. आपल्याकडे निम्मी वाडी मुंबईला असते, त्या घरांची किल्ली कोणाकडे, सिलिंडर आत आहे का, मेन स्विच बंद केलाय का, छपरावर सुटे पत्रे आहेत का. बंद घराचा उडालेला पत्रा शेजाऱ्याच्याच अंगणात येतो, त्यामुळे मालक "मी तिथे राहतच नाही" म्हणाला तरी मेमध्ये त्याच्याकडून ते काम करून घ्या.

आता जोड्या. एक धडधाकट घर आणि एक मदत लागणारं घर, शक्यतो हाकेच्या अंतरावरचं, आणि मध्ये पऱ्ह्या ओलांडावा लागणार नाही असं. जाणाऱ्याचं नाव एक आणि तो नसेल तर दुसरं. "सगळे मिळून बघू" असं लिहिलंत तर कोणीच बघत नाही. हे नाव ज्याच्याकडे जायचं त्यालाही माहीत पाहिजे, म्हणजे म्हातारं माणूस दार उघडून वाट बघतं, कडी लावून बसत नाही. आमच्याकडे खाडीच्या बाजूला एक आजी आहेत, त्यांना विचारलं, पाणी वाढलं तर वरच्या घरात याल ना. त्या म्हणाल्या, "मी कुठं जात नाय. माझ्या म्हशीला कोण बघल?" मग ठरलं की म्हैस आधी वर न्यायची, आजी तिच्या मागे आपसूक येतात. प्रत्येक घराची अशी एखादी म्हैस असतेच, कोणाची ती देवघरातली मूर्ती असते, कोणाची शिलाई मशीन, कोणाची कपाटातली कागदं. बैठकीतच विचारून ठेवा, भर पावसात समजूत घालत बसायला वेळ नसतो.

डायलिसिसवाला माणूस आणि तारीख जवळ आलेली बाई यांच्यासाठी मात्र जोडी पुरेशी नाही. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की त्यांना दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे आधीच हलवायचं. गाडी कोणाची, डिझेलचे पैसे कोण देणार, हेही आत्ताच ठरवा.

कधी उठायचं ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पाणी चढत असतं आणि अंगणात चर्चा चालू असते, अजून थोडं बघू, मागच्या वेळी इथपर्यंतच आलं होतं. म्हणून साकवाच्या खांबावर किंवा पाण्याजवळच्या पक्क्या भिंतीवर ऑइलपेंटने दोन रेघा मारा, खाली पिवळी आणि वर लाल. पिवळी भिजली की गुरं सोडायची, कागदपत्रं वर न्यायची, जोडीदाराला हाक मारायची. लाल भिजली की खालची घरं उठली, कोणाची परवानगी नाही, चर्चा नाही. रेघ कुठे मारायची ते वाडीतल्या जुन्या माणसांना विचारा. २००५ चं पाणी आणि २०२१ चं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते त्यांना बरोबर आठवतं, त्याच्या बरंच खाली रेघ घ्या, म्हणजे चालत जायला वाट कोरडी असतानाच माणसं निघतील. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला पाडतं आणि ते रात्री दिसत नाही.

दुसरी गोष्ट भरती. वरून कितीही पाऊस पडला तरी ओहोटी असेल तर खाडी पाणी ओढून घेते, भरती असली की नदीचं पाणी तुंबून मागे चढतं. २२ जुलै २०२१ ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाण, मोठी भरती. कोळीवाड्यात कोणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं, अमावस्या-पौर्णिमेला उधाण. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कॅलेंडरवर जून ते सप्टेंबरच्या अमावस्या-पौर्णिमा लाल पेनाने गोल करून ठेवा. त्या दिवसांत मुसळधार पावसाचा इशारा असेल तर पिवळ्या रेघेची वाट बघू नका.

पाऊस मोजायला यंत्र लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचा डबा, वर-खाली सारख्याच रुंदीचा, उघड्यावर ठेवा, छपराच्या पागोळीखाली किंवा झाडाखाली नको. रोज सकाळी एकाच वेळी पट्टी बुडवून मिलिमीटरमध्ये वाचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. हवामान खात्याच्या हिशोबात दिवसाला ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ च्या वर अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. आपल्या डब्यात दोन-तीन दिवस ओळीने शंभराच्या वर दिसलं आणि मागे डोंगर असेल तर खालचा "मागे डोंगर असेल तर" हा भाग नीट वाचा.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांच्या रंगांचा अर्थ वाडीला एका वाक्यात सांगा: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हला. बरेच लोक ऑरेंजला काही करत नाहीत कारण "दर आठवड्याला ऑरेंजच असतो", आणि कोकणात जुलैमध्ये ते खरंही आहे. म्हणून ऑरेंजला करायचं काम इतकं सोपं ठेवा की कंटाळा येणार नाही: फोन आणि पॉवरबँक चार्ज, पाणी भरून, ठरलेल्या पेशंटला हलवणं. झालं. बाकी लालसाठी.

मागे डोंगर असेल तर

पुरात निदान पाणी चढताना दिसतं. दरडीला तेवढाही वेळ नसतो. रायगडमधल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला रात्री दरड आली, लोक झोपलेले होते. म्हणून डोंगराखालच्या घरांचा नियम वेगळा: दिवसा उजेडी हलायचं आणि झोपायला दुसरीकडे. लागोपाठ जोराचा पाऊस आणि पुन्हा लाल इशारा असेल तर रात्र शाळेत किंवा सुरक्षित बाजूच्या घरात काढायची, सकाळी परत यायचं. दहा वेळा फुकट गेलं तरी चालेल, आणि दहाव्या वेळेला कोणी हसलं तर हसू द्या.

कशावर लक्ष ठेवायचं? वरच्या बाजूला जमिनीला नवीन भेग, झाडं किंवा विजेचा खांब कलणं, भिंतीला तडा जाऊन दार अडकायला लागणं, कधी नव्हता तिथे झरा फुटणं, पऱ्ह्याचं पाणी एकदम गढूळ होणं. आणि ते भर पावसात अचानक कमी होणं, हे तर सगळ्यात वाईट, कारण वर कुठेतरी मातीने पाणी अडवलेलं असू शकतं. यातलं एक दिसलं तरी तलाठ्याला आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा, पण उत्तराची वाट बघत तिथे बसू नका. गुरं चारायला सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जाणाऱ्यांना हे दाखवून ठेवा, भेग सगळ्यात आधी त्यांनाच दिसते. आणि घराच्या मागचा उतार जेसीबीने उभा कापून अंगण वाढवलेलं असेल तर ते घर यादीत पहिलं.

निरोप कसा पोचणार

व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण वेगळा, फक्त निरोपाचा, जिथे गुड मॉर्निंग आणि मुंबईहून आलेले फॉरवर्ड चालणार नाहीत. चिपळूणचा २०२१ चा व्हिडिओ दर पावसाळ्यात "आत्ताचा" म्हणून फिरतो आणि मुंबईतले मुलगे घाबरून आईला फोन करत बसतात, लाईन अडकते ती वेगळीच. टाकायचं फक्त ठरलेल्या दोघांनी. चाकरमान्यांपैकी एकाला वाडीचा "मुंबईचा फोन" करा: इकडून एकच कॉल किंवा एसएमएस त्याला जाईल आणि बाकीच्या सगळ्यांना तो सांगेल. कमकुवत रेंजमध्ये कॉल लागत नाही तेव्हा एसएमएस बरेचदा जातो.

टॉवर गेला की मग काय? देवळाची घंटा. थांबून थांबून वाजवली तर तयार राहा, सलग वाजवली तर उठा, आणि आरतीशी गोंधळ होऊ नये म्हणून आधी एकदा वाजवून दाखवा. पावसाच्या आवाजात घंटा ऐकू न येणाऱ्या घरांकडे जोडीदाराने जायचंच. सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर वाडीत असू द्या, आकाशवाणी रत्नागिरीच्या बातम्या त्यावर ऐकता येतात. फोनमध्ये विजेसाठी दामिनी आणि इशाऱ्यांसाठी सचेत ही सरकारी ॲप टाकून घ्या. ११२, १०८, १०७७ आणि वायरमनचा नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, बॅटरी मेली की कॉन्टॅक्ट लिस्ट पण मेली.

सामान, सगळ्यांचं मिळून

प्रत्येक घराने किट करायचं म्हटलं तर होत नाही, खर्च नुसता वाढतो. वर्गणी काढून एक पत्र्याची पेटी करा आणि उंचावरच्या, पण वर्षभर माणूस असलेल्या घरात ठेवा. जाड नायलॉनची दोरी, चार-पाच चांगल्या टॉर्च, ताडपत्री, शिट्ट्या, प्रथमोपचार, क्लोरीनच्या गोळ्या, सुरक्षेच्या टोप्या, गमबूट, रबरी हातमोजे, कोयते, करवत. होडीवाले असतील तर त्यांची लाईफ जॅकेट कुठे असतात ते विचारून ठेवा, जूनपासून मासेमारी बंद असते तेव्हा ती कुठेतरी टांगलेलीच असतात. स्ट्रेचर विकत घ्यायची गरज नाही, दोन बांबू आणि घट्ट बांधलेली चादर चालते, पण बांधून, माणूस घालून, पाणंदीतून एकदा नेऊन बघा. कुठल्या वळणावर अडकतं ते तेव्हाच कळतं.

विहिरीकडे बघा. पूर्वी रहाट होता, आता मोटर बसली आणि कप्पी गंजून गेली. निसर्गनंतर विहिरी भरलेल्या असून लोकांना पाणी मिळत नव्हतं कारण लाईट नाही. वाडीतल्या एका तरी विहिरीवर कप्पी, दोर आणि पोहरा चालू स्थितीत ठेवा. जनरेटर कोणाकडे असेल तर मोटर आणि मोबाईल चार्जिंगच्या वेळा लावून घ्या. आणि हे महत्त्वाचं: जनरेटरची वायर घरच्या प्लगमध्ये घुसवून लाईट चालू करायची नाही. चेंजओव्हर स्विच नसेल तर तो करंट उलटा लाईनवर जातो आणि खांबावर चढलेला वायरमन मरतो. मोटर, चार्जर जे काही असेल ते थेट जनरेटरलाच जोडा.

रोख पैसे सुटे करून ठेवा. टॉवर नसला की यूपीआय नाही, एटीएम नाही, आणि दुकानदार पाचशेची मोड देणार कुठून.

वादळाच्या आधीचे दोन दिवस

वादळाची सूचना सहसा दोन-तीन दिवस आधी मिळते. तेवढ्यात पाडेल्याला (झाडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) बोलावून घरावरच्या नारळांच्या सुक्या झावळ्या आणि नारळ उतरवा. पत्र्यांवर दगड किंवा चिरे ठेवायची आपली पद्धत आहे, मोठ्या वादळात ती धोक्याची, पत्र्याबरोबर चिराही येतो. पत्रे जे-हुकने आणि तारेने वाशांना बांधा. अंगणातल्या खुर्च्या, ड्रम, मांडवाचे बांबू आत घ्या. होड्या वर ओढून दोन बाजूंनी बांधा.

वारा सुरू झाला की कौलारू घरातून पक्क्या स्लॅबच्या घरात, ठरलेल्या. मध्येच वारा एकदम पडला आणि ऊन पडल्यासारखं झालं तर बाहेर यायचं नाही, वादळाचा डोळा असेल तर थोड्या वेळाने उलट्या दिशेने तेवढ्याच जोराचा वारा येतो. गुरं दाव्याला बांधलेली ठेवू नका, पुरात तर अजिबात नाही. सोडलेलं जनावर पोहून वाट काढतं, बांधलेलं जागेवर बुडतं.

नंतर

पहिलं काम मोजदाद. जोडीने जोडीची खबर घ्यायची आणि देवळापाशी यादीवर खूण करायची, ज्याच्यापुढे खूण नाही तिथे जायचं. मगच झाडं तोडायला. झाडात वायर अडकलेली असेल तर वायरमनने लाईन बंद असल्याचं सांगेपर्यंत कोयता नाही, करवत नाही. घाईने छपरावर चढू नका, ओल्या कौलांवरून आणि तुटक्या पत्र्यांवरून पडून लोक जखमी होतात आणि तेव्हा रस्ते बंद असतात. भिजलेल्या घरात मेन स्विच बंद ठेवूनच शिरा आणि हात घालण्याआधी काठीने ढवळा, सापही कोरडी जागा शोधत आलेला असतो.

विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर ते आधी उपसून टाकायचं. एरवी हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते, पण पुराच्या विहिरीला किती ते आरोग्यसेवक किंवा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ठरवेल. पावडर थेट ओतू नका, बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, तासभर थांबा. फोडून ठेवलेल्या जुन्या पिशवीतल्या पावडरीचा जोर गेलेला असतो. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच. चिखलात काम केलं आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा) संशय धरा, घरात काढा पीत बसू नका, आरोग्य केंद्रात जा. आशाताईंनी प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या तर त्या सांगितल्याप्रमाणे घ्या.

पंचनाम्याची तयारी मेमध्येच करायची. घराचे चारही बाजूंनी, गोठ्याचे, बागेतल्या झाडांचे फोटो काढून ठेवा, एक सेट मुंबईच्या फोनवर. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक जाड प्लास्टिकमध्ये माळ्यावर. नुकसान झालं की आवराआवर करायच्या आधी पुन्हा फोटो. पोफळी आणि नारळ मोजून लिहा, किती मोडले किती उपटले, लाकडं उचलली की मोजणार कशी? तलाठी एका वाडीला किती वेळ देणार, म्हणून घरवार यादी आपणच तयार करून त्याच्या हातात द्या. सातबारावर दहा नावं असतील आणि नऊ मुंबईत असतील तर पैसे कोणाच्या खात्यात यावर नंतर भांडण आणि उशीर दोन्ही होतात, त्यासाठी संमतीपत्र लागेल का ते तलाठ्यालाच आधी विचारून घ्या आणि चाकरमानी गावात असतानाच सह्या उरका. एकट्या राहणाऱ्या बायकांचा आणि कुळाच्या जमिनीत राबणाऱ्यांचा पंचनामा राहून जातो, त्यांच्याबरोबर कोणीतरी उभं राहा.

गणपतीला सगळे परत गावी येतात तेव्हा अर्धा तास काढून पेटी उघडा, वापरलेल्या गोळ्या भरा, सेल बदला, उंदराने दोरी कुरतडली का बघा, आणि कोणाची जोडी बदलायची असेल तर बदला. परतीच्या पावसात भात कापताना विजा पडतात, तेव्हा हीच यादी पुन्हा लागते: शेतात कोण आहे, हाक कोण मारणार. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर भारा तिथेच टाकून घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत बाहेर पडायचं नाही.